एकचक्रेची पाळी

नागपूरहून वर्ध्यास जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यांत, केळझर हें गांव आहे. तेथील सिद्धिविनायकाची गणना विदर्भाच्या अष्टविनायकांत होते, आणि परंपरा असें सांगते कीं, महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच. भीमानें बकासुराचा वध केला तो येथेंच. हा मान एकट्या केळझराचा नाहीं. खानदेशांतील एरंडोल तो आपल्याकडे ओढतें, आणि बंगालच्या वीरभूम जिल्ह्यांतही एक एकचक्रा आहे. या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. स्थलनिर्णय कोणताही होवो. ज्या कथेवर इतक्या गांवांनीं हक्क सांगावा, ती कथा आपण नीट वाचली आहे काय, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या मतें आदिपर्वांतील बकवधाचें आख्यान हें केवळ भीमाच्या बळाचें व भुकेचें आख्यान नव्हे. माणसें आपापल्या कुळाच्या, जातीच्या, टोळीच्या कुंपणांत कां शिरतात आणि त्या कुंपणाची किंमत अखेर कोण देतो, याचें तें विवेचन आहे; आणि आज तें त्या दृष्टीनें वाचण्याची गरज आहे.

आफ्रिकेंतील कलहांच्या बातम्या वाचतांना आपला सुशिक्षित गृहस्थ 'टोळ्यांचे लोक ते, असेंच व्हावयाचें' असें म्हणून पान उलटतो. नायजेरियांत 1967 पासून 1970 पर्यंत बियाफ्राचें युद्ध चाललें. रुवांडांत 1994 च्या एप्रिलपासून सुमारें 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसें मारलीं गेलीं. केनियांत 2007 च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतर शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांचीं घरें जाळलीं. हें सर्व त्याला दूरच्या लोकांचें वेड वाटतें. उलटलेल्या पानावर मात्र वधूवरांच्या जाहिराती असतात, आणि त्या जातीपोटजातींच्या नांवांनीं लावलेल्या असतात. त्या वाचतांना त्याला 'टोळी' हा शब्द आठवत नाहीं. आपल्या टोळीला टोळी न म्हणतां 'समाज' म्हणण्याची सोय मराठींत आहे. 'आमच्या समाजांत असें चालत नाहीं' या वाक्यांतील समाज म्हणजे नेमकीं कोणतीं माणसें, हें बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही, न सांगतां कळतें.

टोळी आणि जात या एक नव्हेत, हें आम्हांस मान्य आहे. टोळ्या बहुधा एकमेकींच्या शेजारीं वसतात. जाती एकमेकींच्या डोक्यावर बसतात. परंतु दोहोंचें कुंपण एकाच लाकडाचें आहे. डॉ. आंबेडकरांनीं 1916 सालीं कोलंबिया विद्यापीठांत वाचलेल्या निबंधांत जातीचें मर्म स्वजातींतच विवाह करण्याच्या निर्बंधांत आहे, असें प्रतिपादन केलें होतें. आपलें कोण आणि परकें कोण हें जन्मावरून ठरवावयाचें, आणि तें तसेंच राहावें म्हणून लग्नाची वाट अडवावयाची, हा व्यवहार टोळीचाही आहे आणि जातीचाही. जातीनें त्यावर उच्चनीचतेची एक चळत अधिक रचली, इतकेंच. तेव्हां आफ्रिकेकडे पाहून उसासा टाकण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. तेथून कांहीं शिकण्याचा मात्र आहे.

आतां मूळ आख्यानाकडे वळूं. कीर्तनांतून आणि मुलांच्या पुस्तकांतून तें सर्वांस ठाऊक असतें. पण तेथें गाडाभर अन्न फस्त करणाऱ्या भीमापुढें बाकीचें सर्व झांकून जातें. एकचक्रेंत पांडव ब्राह्मणाच्या वेषानें एका ब्राह्मणाच्या घरीं राहिले आहेत. त्या घरीं रडारड ऐकूं येते. कुंती चौकशी करते, तेव्हां यजमान तिला गांवाची व्यवस्था समजावून सांगतो. ही व्यवस्था लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बक हा गांवावर धाड घालणारा लुटारू नाहीं. तो गांवाचा संरक्षक आहे. त्याच्यामुळें परचक्राचें किंवा भुताखेतांचें भय आम्हांस नाहीं, असें ब्राह्मण स्पष्ट सांगतो. या संरक्षणाचें वेतन म्हणून गाडाभर भात, दोन रेडे, आणि तें घेऊन जाणारा माणूस, असें ठरलेलें आहे. हें वेतन प्रत्येक घरानें पाळीपाळीनें द्यावयाचें. पाळी पुष्कळ वर्षांनीं येते. जो ती चुकवूं पाहील त्याचें सर्व कुटुंब खाल्लें जातें.

असें कां चालूं दिलें? ब्राह्मणाचें उत्तर एका ओळींत राज्यशास्त्र सांगणारें आहे. या देशाचा राजा वेत्रकीयगृह नांवाच्या ठिकाणीं राहतो. तो नाकर्ता आहे आणि प्रजेच्या रक्षणाचा कांहींच उपाय करीत नाहीं. जेथें सर्वांचा म्हणून रक्षक नसतो, तेथें माणूस मिळेल त्या रक्षकाच्या आश्रयास जातो; आणि असा रक्षक फुकट मिळत नाहीं. टोळीनिष्ठेचें मूळ द्वेषांत शोधणारे लोक येथेंच चुकतात. द्वेष मागाहून येतो, पुष्कळदां तो मुद्दाम शिकवावा लागतो. आधीं येतें तें भय.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तो ब्राह्मण बायकोला म्हणतो कीं, मी हा देश सोडून जाऊं असें कितीदां तरी म्हणालों होतों; पण येथें माझा जन्म झाला, येथें मी वाढलें, माझे वडील येथें आहेत, असें म्हणून तूंच ऐकलें नाहींस. पुढें तिचे वडील वारले, आई वारली, पूर्वीचे आप्तही गेले. ज्यांच्या मायेनें ती राहिली त्यांतलें कोणी उरलें नाहीं, बक मात्र उरला. आपल्या माणसांची ओढ ही वाईट गोष्ट नव्हे, आणि व्यासांनींही या स्त्रीला दोष दिलेला नाहीं; नवऱ्याऐवजीं स्वतः जाण्यास तीच प्रथम पुढें होते. परंतु चांगल्या भावनेच्या दोरीनें माणूस वाईट व्यवस्थेशीं कसा बांधला जातो, हें त्यांनीं या एका तक्रारींत दाखविलें आहे.

आणि तिसरी गोष्ट पाळीची. एकचक्रेचे नागरिक सर्व मिळून बकावर कां गेले नाहींत? पाळी एका वेळीं एकाच घरावर येते, म्हणून. त्या दिवशीं तें घर रडतें. इतर घरांत चूल पेटते. आपली पाळी अजून दूर आहे, हाच प्रत्येकाचा दिलासा, आणि त्या दिलाशावरच बकाचें राज्य चालतें. ही पाळी समान तरी होती काय? तसेंही नाहीं. माणूस विकत घेऊन पाठविण्याइतकें द्रव्य माझ्यापाशीं नाहीं, असें तो ब्राह्मण बोलून जातो. म्हणजे ज्यापाशीं द्रव्य होतें तो आपल्या घरची पाळी दुसऱ्याच्या मुलावर ढकलूं शकत होता. ज्या समाजांत पाळी असते, त्यांत पाळीचा बाजारही असतो.

हें तीन सूत्रांचें कोष्टक हातीं घेऊन आफ्रिकेचा अलीकडील इतिहास पाहावा. रुवांडांतील हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत होते, एकाच टेकडीवर शेजारीं राहत होते, आणि बहुतेक एकाच धर्माचे होते. भेद पूर्वीं नव्हता असें नाहीं. परंतु 1933 च्या सुमारास बेल्जियन राजवटीनें प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात लिहिली, आणि जो भेद कांहीं अंशीं लवचिक होता तो कागदावर कायमचा गोठला. 1994 सालीं रस्त्यारस्त्यावर तेंच पत्र तपासून माणसें मारलीं गेलीं. महमूद ममदानी यांनीं 1996 सालच्या आपल्या ग्रंथांत हा प्रकार साऱ्या खंडाच्या संदर्भांत मांडला आहे. परकीय सत्तेनें शहरांत कायद्याचें राज्य चालविलें आणि खेड्यांतील माणसाला जमातीच्या मुखियाच्या स्वाधीन केलें. जमीन, न्याय, कर, सर्व त्याच्या हातीं गेलें. मग माणसानें जमात धरून राहूं नये तर काय करावें? वेत्रकीयगृहाचा राजा लांब असला कीं बकाचा दरबार गांवांत भरतो.

याच्या उलट उदाहरणही त्याच खंडांत आहे. टांझानियांत शंभराहून अधिक जमाती आहेत. तेथें ज्यूलियस न्यरेरे यांच्या कारकीर्दींत स्वाहिली ही कोणा एका बलाढ्य जमातीची नसलेली भाषा शाळांतून व कारभारांतून सर्वांची करण्यांत आली. त्यांचे आर्थिक प्रयोग फसले, हें खरें. परंतु जमातींच्या नांवानें पेटलेला यादवीचा वणवा त्या देशानें पाहिला नाहीं. यावरून एवढें निश्चित होतें कीं, टोळीनिष्ठा हा रक्ताचा गुण नव्हे. ती व्यवस्थेनें वाढते आणि व्यवस्थेनें ओसरतेही.

आपल्याकडे काय झालें? 1901 च्या शिरगणतींत रिस्ले यांनीं जातींचा सामाजिक दर्जाप्रमाणें अनुक्रम लावण्याचा उपक्रम केला, आणि देशभर जातीजातींच्या सभा आपणांस वरची पायरी मिळावी म्हणून अर्ज करूं लागल्या. मध्यप्रांतांतील शिरगणतीचे काम पाहणारे रसेल यांनीं पुढें रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्यानें 1916 सालीं येथील जातीजमातींचा चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. आजही एखादी जात आपली वंशावळ शोधूं लागली कीं त्यांतलेंच पान उघडते. परंतु सर्व दोष शिरगणतीवर टाकून मोकळें होणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. रिस्ले येण्यापूर्वीं कितीतरी शतकें पाणवठे वेगळे होतेच. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' 1915 सालचा. त्यांत गांवाच्या वहिवाटीचें जें बारीक वर्णन आहे, तें कोणत्याही साहेबाच्या कोष्टकावरून निघालेलें नाहीं.

जातीनें रक्षण केलें, हेंही नाकबूल करतां येणार नाहीं. शाहू छत्रपतींनीं 1901 पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरितां वसतिगृहें उभीं केलीं, कारण परगांवच्या गरीब मुलाला शहरांत जेवूं घालणारा दुसरा कोणी नव्हता. आजही परक्या शहरांत नोकरीस गेलेला तरुण पहिल्या आठवड्यांत आपल्या जातीचें मंडळ शोधतो. आजारपणांत, कर्जांत, मुलीच्या लग्नांत तेंच धांवून येतें. बकामुळें परचक्राचें भय नाहीं, असें ब्राह्मण म्हणाला, तें खोटें नव्हतें. प्रश्न इतकाच कीं, त्याचें वेतन कोण देतो.

महाराष्ट्राच्या गेल्या शंभर वर्षांत हें वेतन कसें वसूल झालें, तें पाहावें. 1948 च्या जानेवारीअखेर महात्माजींचा खून झाला. खुनी एका जातीचा होता म्हणून त्या जातीच्या, ज्यांचा त्या कटाशीं कांहीं संबंध नव्हता अशा, कुटुंबांचीं घरें गांवोगांव जाळलीं गेलीं. 1978 च्या 27 जुलैस मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें संमत केला, आणि मराठवाड्यांत दलितांच्या वस्त्या पेटल्या. त्या विद्यापीठाचा नामविस्तार व्हावयास 1994 चा 14 जानेवारी उजाडावा लागला. 2006 च्या सप्टेंबरांत भंडारा जिल्ह्यांतील खैरलांजीस एका दलित कुटुंबांतील चौघांचा बळी गेला, आणि तें सर्व गांवाच्या डोळ्यांदेखत झालें. या तीन गोष्टी एका मापाच्या आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं जातींवर पाळी एकदां आली, कांहींवर ती पिढ्यान् पिढ्या रोज येत होती. तराजू समान धरण्याच्या हौसेनें हा भेद पुसूं नये. परंतु तिन्ही वेळीं व्यक्तीचा अपराध, किंवा अपराधाची नुसती कल्पना, समूहाच्या माथीं मारली गेली. आणि तिन्ही वेळीं इतर घरांत चूल पेटली होती.

वेतन केवळ परक्यांकडून घेतलें जातें असेंही नाहीं. बक आपल्याच प्रजेला खात होता. जातपंचायतींनीं ज्यांना वाळींत टाकलें तीं माणसें त्यांच्याच जातीचीं. लग्नास, मयतास कोणी जावयाचें नाहीं, विस्तव द्यावयाचा नाहीं, दंड भरल्याशिवाय परत घ्यावयाचें नाहीं, ही शिक्षा परकीय जातीनें दिलेली नसे. या प्रकाराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाला 2016 सालीं सामाजिक बहिष्कारास बंदी करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तो 2017 सालीं अमलांत आला. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचा जीव तिच्याच बापानें किंवा भावानें घेतल्याच्या बातम्या आपण वाचतों. त्या बापाला मुलीचा द्वेष होता असें नव्हे. 'लोक काय म्हणतील' हें भय मुलीवरील मायेहून मोठें झालें होतें.

हेंच भय चिनुआ अचेबे यांनीं 1958 च्या आपल्या पहिल्या कादंबरींत रंगविलें आहे. उमुओफिया गांवांतील एका स्त्रीच्या खुनाची भरपाई म्हणून शेजारच्या गांवानें एक कुमारी व एक मुलगा देऊन टाकला. हा मुलगा, इकेमेफुना, तीन वर्षें ओकोंक्वोच्या घरीं वाढला आणि त्याला बाप म्हणूं लागला. पुढें देवतेचा कौल आला कीं, त्याला मारावें. या कामीं तूं हात लावूं नको, असें गांवांतल्या एका वृद्धानें ओकोंक्वोस बजावलें होतें. तरी, लोक आपणांस दुबळा म्हणतील या धास्तीनें, त्यानें स्वतःच घाव घातला. अचेबे आपल्या समाजाची निंदा करीत नाहींत. त्यांतील सौंदर्य, न्याय व विनोद ते मोठ्या प्रेमानें सांगतात. म्हणूनच त्यांचा आरोप खोल जातो. ओकोंक्वोचा मुलगा त्या दिवसापासून मनानें घराबाहेर पडतो आणि पुढें मिशनऱ्यांस जाऊन मिळतो. टोळी जेव्हां आपल्या मुलांचा बळी मागते, तेव्हां उरलेलीं मुलेंही ती गमावते. हा इशारा इग्बो लोकांपुरता नाहीं.

आतां कुंतीकडे यावें. माझ्या पांच मुलांपैकीं एक जाईल, असें ती सांगते, तेव्हां प्रथम यजमान नको म्हणतो, आणि मागाहून धर्मराजही रागावतो. दुसऱ्याच्या मुलासाठीं आपल्या मुलाचा त्याग करणें हें लोकरीतीला व वेदाला सोडून आहे, असें त्याचें म्हणणें. टोळीनीतीचा पक्ष धर्मराजानें मांडावा, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. कारण तो पक्ष नेहमीं सज्जनच मांडतात. कुंती उत्तर देतांना घराचें ऋण सांगते आणि त्यापुढें जाऊन संकटांतील ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र या सर्वांच्या रक्षणाचा उल्लेख करते. जो आश्रयास आला, किंवा ज्यानें आश्रय दिला, तो आपला. जन्मानें कोण, हा प्रश्न तिनें मागें टाकला आहे.

परंतु टीकाकारानें येथेंच टाळ्या वाजवून थांबूं नये. याच कुंतीच्या घरीं, थोडेच दिवस आधीं, वारणावतास, एक निषाद स्त्री आपल्या पांच मुलांसह जेवावयास आली होती. मद्य पिऊन तीं सहाही जणें लाक्षागृहांत झोंपलीं. भीमानें घरास आग लावली. पांडव भुयारानें निसटले आणि त्या सहा प्रेतांमुळें ते मेले असें जगास वाटलें. या सहा जणांकरितां महाभारतांत कोणी रडत नाहीं. पांच मुलांची आई कुंती. पांच मुलांची आई ती निषादी. एकीच्या मुलांची सुटका दुसरीच्या मुलांच्या राखेवर झाली, आणि एकचक्रेंत परक्याच्या मुलासाठीं कळवळलेल्या कुंतीला त्याची आठवणही होत नाहीं. इरावतीबाई कर्व्यांनीं 'युगान्त'मध्यें खांडववनदाहाविषयीं जो कठोर प्रश्न विचारला, तोच येथेंही विचारला पाहिजे. आपल्या उदारतेचें वर्तुळ कोठें संपतें तें आपल्याला दिसत नाहीं. तें वर्तुळाबाहेरच्या माणसाला विचारावें लागतें.

तरीही हा ग्रंथ टोळीनीतीचा ग्रंथ नव्हे, आणि त्याचा पुरावा त्याच्या चौकटींतच आहे. बक मेल्यावर भीमानें त्याच्या परिवाराचा संहार केला नाहीं. यापुढें माणसास मारावयाचें नाहीं एवढी शपथ घेऊन त्यांना सोडून दिलें. अपराध बकाचा, राक्षसजातीचा नव्हे. जनमेजयानें मात्र याच्या उलट केलें. तक्षकानें बापास मारलें म्हणून त्यानें सर्व नागकुळ जाळण्याचें सत्र मांडलें. आणि ज्या सत्रांत हें हत्याकांड चालू होतें, त्याच सत्रांत वैशंपायनांनीं महाभारत सांगितलें. तें सत्र थांबविलें कोणी? आस्तिकानें. त्याचा बाप जरत्कारु ऋषि ब्राह्मण, आई वासुकीची बहीण, नागकन्या. दोन्ही कुळांचें रक्त ज्याच्या अंगांत होतें, त्याला कोणतेंच कुळ जळतांना पाहवेना. एका कुळाच्या माणसाला हें साधलें नसतें. राजानें त्याला शत्रूचा हेर म्हटलें असतें.

1936 सालीं लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठीं तयार केलेल्या, पण न झालेल्या भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं जातिभेदावर खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रप्रामाण्यावर घाव घातला. आस्तिकाची कथा शतकानुशतकें पुराणिकांच्या तोंडून ऐकणाऱ्या समाजास हा उपाय परका वाटावा, याचें आश्चर्य वाटतें. आपण देवळें उघडलीं. वर्ध्याचें लक्ष्मीनारायणाचें मंदिर जमनालालजी बजाजांनीं 1928 सालींच अस्पृश्य मानलेल्यांस मोकळें केलें, आणि ही गोष्ट या जिल्ह्यास भूषणावह आहे. घरें मात्र उघडलीं नाहींत. 2011-12 च्या भारतीय मानवविकास सर्वेक्षणांत आंतरजातीय विवाहांचें प्रमाण शेकडा 5 च्या आसपासच आढळलें. शाळा, रेल्वे, गिरणी, विद्यापीठ, मतपेटी, सर्व कांहीं येऊन गेलें. लग्नाचें कुंपण जवळजवळ होतें तेथेंच आहे.

दोन्ही कामें बरोबरच झालीं पाहिजेत. राज्यानें वेत्रकीयगृह सोडून गांवांत आलें पाहिजे. दवाखाना, कर्ज, न्याय आणि नोकरी हीं जातीच्या ओळखीशिवाय मिळूं लागलीं, तर संरक्षणासाठीं बकाकडे जाण्याचें कारण कमी होईल. हें काम राज्यकर्त्यांचें. त्यासाठीं त्यांना धारेवर धरणें आपलें. दुसरें काम मात्र कोणत्याही सरकारला करतां येणार नाहीं, कारण तें माजघरांत व्हावयाचें आहे. मुलगी किंवा मुलगा एक दिवस एखादें नांव घेऊन समोर उभा राहतो, आणि आईबाप आडनांव विचारतात. त्या क्षणीं घरांत भय शिरतें: जातभाई काय म्हणतील, धाकटीचें लग्न कसें जमेल, श्राद्धापक्षाला कोण येईल. हें भय खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्या भयाला शरण जाऊन जो नकार दिला जातो, तो बकाचा गाडा भरण्याचाच प्रकार आहे. आणि त्या गाड्यावर कोणाला बसवून पाठवावयाचें, हें त्या रात्रीं प्रत्येक घर आपलें आपण ठरवीत असतें.